वाचकांचे प्रश्न : गांडुळे सोडावीत की येऊ द्यावीत?

मृगाचा पाऊस पडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गांडुळांचा विषय हटकून असतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच समज दिसतो. खताच्या खड्ड्यातले गांडूळ आणि बागेच्या मातीतले गांडूळ ही एकाच कामाची माणसे आहेत, त्यामुळे एकाला उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवले तरी चालेल, असे अनेकांना वाटते. तसे नाही, आणि म्हणून पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर दिले आहे.

प्रश्न : कऱ्हाडजवळ आमच्या घरामागे तीन गुंठ्यांची परसबाग आहे. जमीन काळी आणि भारी आहे. मे महिन्यात एका विक्रेत्याकडून दोन किलो गांडुळे आणून वांगी आणि टोमॅटोच्या वाफ्यांत सोडली व भरपूर पाणी दिले. पंधरा दिवसांनी कुदळीने खणून पाहिले, तर एकही गांडूळ सापडले नाही. गांडुळे कमी पडली का? पुन्हा आणावीत का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : पुन्हा आणू नयेत. आपण आणलेली दोन किलो गांडुळे म्हणजे अंदाजे दोन हजार जीव होते, तेव्हा संख्या कमी पडण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न जातीचा आहे. आपल्याकडे खतासाठी विकली जाणारी गांडुळे प्रामुख्याने दोन जातींची असतात. आयसेनिया फेटिडा ही मूळची युरोपकडची, आणि युड्रिलस युजेनी ही पश्चिम आफ्रिकेतली. या दोन्ही जाती जमिनीच्या पृष्ठभागावर, कुजत असलेल्या पाल्यात किंवा शेणात राहतात, तेच खातात आणि तेथेच वाढतात. खोल बीळ करून मातीत राहणे हा त्यांचा स्वभावच नाही. शेणाच्या गादीवरून उचलून त्यांना मे महिन्यातल्या उघड्या काळ्या जमिनीत सोडले, तर त्यांना खायला काही मिळत नाही आणि ऊन चुकवायला जागाही मिळत नाही. काही मुंग्यांच्या तोंडी जातात, काही साळुंक्या टिपतात आणि उरलेली सुकून मरतात. गांडुळाच्या शरीरात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे मेलेले गांडूळ काही दिवसांत मागमूस न ठेवता मातीत जिरते. आपल्याला एकही सापडले नाही याचे कारण हेच आहे.

आपल्या दख्खनच्या जमिनीत मुळातच राहणारी गांडुळे वेगळी आहेत. दक्षिण भारतात सर्वत्र आढळणारी लॅम्पिटो मॉरिटी ही त्यांतली सर्वांत परिचित जात. ही गांडुळे बिळे करतात, वरचा पाला आत ओढून नेतात, पाल्यासोबत माती खातात आणि विष्ठेच्या बारीक ढिगुळ्या बिळाच्या तोंडाशी आणून टाकतात. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळू लागली की ती खोल ओलाव्याकडे जातात, अंगातल्या चिकट स्रावाने सारवलेल्या लहानशा पोकळीत स्वतःची गाठ मारल्यासारखी वेटोळी करून पडून राहतात आणि पाऊस मुरल्यावर पुन्हा वर येतात. म्हणजे मे महिन्यात खणून पाहिलेल्या जमिनीत गांडूळ न दिसणे हा ती जमीन मेल्याचा पुरावा नव्हे.

तेव्हा आधी आपल्याकडे काय आहे ते मोजावे. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली आणि जमीन वाफशावर आली की सकाळच्या वेळी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा घ्यावा. निघालेली माती गोणपाटावर पसरून, ढेकळे हाताने फोडून, लहानमोठी सर्व गांडुळे मोजावीत. दहाच्या आसपास निघाली तर जमीन उत्तम आहे असे समजावे. दोन-तीन निघाली तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण बीज शिल्लक आहे. जेथे खणता येत नाही, उदाहरणार्थ हिरवळीवर किंवा झाडाच्या मुळांजवळ, तेथे चार लिटर पाण्यात चाळीस ग्रॅम मोहरीची पूड कालवून तेवढ्याच एका फुटाच्या चौकोनावर ते पाणी दोन हप्त्यांत हळूहळू ओतावे. मोहरीचा झोंबरेपणा सहन न होऊन गांडुळे काही मिनिटांत वर येतात. मोजून झाल्यावर ती साध्या पाण्यात धुवावीत आणि शेजारच्या ओल्या जागेत सोडावीत.

मोजणीनंतरचे काम त्यांना खाऊ घालण्याचे आणि त्यांच्या वाटेतून बाजूला होण्याचे आहे. वाफ्यावर चांगले कुजलेले शेणखत पसरावे आणि त्यावर उसाचे पाचट, सोयाबीनचा भुसा, वाळलेला पाला असे जे हाताशी असेल त्याचे तीन ते चार इंचांचे आच्छादन कायम ठेवावे. पाचट आपल्या भागात फुकट मिळते आणि तरीही फडातच पेटवले जाते, हे वेगळे सांगायला नको. दरवर्षी पूर्ण बाग खणण्याची किंवा त्यात रोटाव्हेटर फिरवण्याची सवय सोडावी. पात्यांनी गांडुळे कापली जातात हे नुकसान डोळ्यांना दिसते, परंतु त्याहून मोठे नुकसान बिळे मोडण्याचे असते. बागेचा एखादा कोपरा, शक्यतो आंब्याच्या किंवा शेवग्याच्या सावलीतला, मार्च ते मेअखेर झारीने ओला ठेवला तर तेथे गांडुळे उन्हाळा काढतात आणि पावसात तेथून आजूबाजूला पसरतात. याचा परिणाम दिसायला दोन पावसाळे लागू शकतात.

मोजणीत एकही गांडूळ निघाले नाही, तर ते परिसरातूनच आणावे. चेन्नईचे गांडूळतज्ज्ञ डॉ. सुलतान इस्माईल यांनी स्थानिक गांडुळांचा आग्रह अनेक वर्षे धरला आहे, आणि स्थानिक गांडुळे गोळा करण्याची पुढील पद्धत आपल्याकडेही सहज जमते. जुन्या गोठ्यामागे किंवा केळीच्या बुंध्याशी, जेथे विष्ठेच्या ढिगुळ्या दिसतात अशी जागा निवडावी. अर्धा किलो गूळ आणि अर्धा किलो ताजे शेण दोन लिटर पाण्यात कालवून ते एक मीटर लांबरुंद जागेवर शिंपडावे, वर पेंढा व जुने गोणपाट अंथरावे आणि वीस ते तीस दिवस पाणी शिंपडून ओल टिकवावी. गोणपाटाखाली जमलेली गांडुळे मातीसह उचलून संध्याकाळी आपल्या आच्छादनाखाली सोडावीत.

आपण पत्राच्या शेवटी जीवामृताविषयीही, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेल्या द्रावणाविषयीही, विचारले आहे. विदर्भातील नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, ते जीवामृत आणि आच्छादन यांच्या आधारे देशी गांडुळे आपोआप वर येतात असे सांगतात, आणि आयसेनियाला तर गांडूळ मानण्यासही नकार देतात. शेतात गांडुळे विकत आणून सोडण्याची गरज नाही, हा त्यांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र आयसेनिया हे प्राणिशास्त्राच्या दृष्टीने गांडूळच आहे आणि खताच्या खड्ड्यात ते आपले काम चोख करते. त्याला शेतीचा शत्रू ठरवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत गांडूळखताचा खड्डा आहे. महिन्यापूर्वी नवीन गांडुळे आणून टाकली. रोज सकाळी ती भिंतींवर चढलेली दिसतात, काही खड्ड्याबाहेर मरून पडतात, आणि आता वासही येऊ लागला आहे. सभासद माझ्याकडे बोट दाखवतात.
— सोसायटीच्या एक सचिव, पुणे

उत्तर : गांडुळे पळत आहेत याचा अर्थ गादी राहण्यासारखी उरलेली नाही. बहुधा रोजचा ताजा ओला कचरा थेट खड्ड्यात पडत असावा. ताज्या कचऱ्याचा फूटभर थर साचला की त्यात जिवाणूंची कामगिरी सुरू होते आणि आतले तापमान पन्नास अंशांच्या पुढे जाऊ शकते. पस्तीस अंशांपलीकडे ही गांडुळे तग धरत नाहीत, त्यामुळे कडेच्या थंड भिंतीकडे धाव घेण्याशिवाय त्यांना मार्ग राहत नाही. ढीग स्वतः तापून कुजणे आणि गांडुळांनी कुजवणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्या एकाच खड्ड्यात एकाच वेळी होत नाहीत.

खड्ड्याचे दोन कप्पे करावेत. पहिल्यात ओला कचरा आणि सुका पाला आलटून पालटून टाकून पंधरा ते वीस दिवस निवू द्यावा. हात घालून ऊब लागेनाशी झाली की तो माल गांडुळांच्या कप्प्यात दोन-तीन इंचांच्या पातळ थरात द्यावा, आणि तो संपत आल्याशिवाय पुढचा थर देऊ नये. शेण वापरत असाल तर तेही पंधरा दिवसांचे जुने असावे. गादीतला मूठभर माल घट्ट दाबल्यावर बोटांमधून एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. धार लागत असेल तर आपल्याकडे येणारा वास पाणी साचल्याचा आहे, तेव्हा तळाचा निचरा मोकळा करावा आणि पुठ्ठ्याचे तुकडे किंवा सुका पाला मिसळावा. लिंबू-मोसंबीच्या साली, कांदा-लसणाचा ढीग, आमटी-भाजीचे उरलेसुरले आणि लोणचे या खड्ड्यात नको. गांडूळ त्वचेनेच श्वास घेते, म्हणून मीठ आणि तेल त्याला थेट बाधते. निर्माल्य चालते, परंतु त्यातले दोरे आणि जरीच्या पट्ट्या आधी काढाव्यात.

पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्पासाठी मिळकतकरात सवलत देते, आणि त्यामुळे पुष्कळ ठिकाणी खड्डा सवलतीपुरता बांधला जातो व नंतर माळ्याच्या भरवशावर सोडला जातो. आपल्या खड्ड्यासाठी आठवड्यातून दोनदा हात घालून पाहणारी एक जबाबदार व्यक्ती नेमावी. सभासदांना दाखवण्यासाठी बोट हवेच असेल, तर ते कचऱ्यात आमटी ओतणाऱ्याकडे वळवावे.

प्रश्न : गॅलरीतल्या कंपोस्टच्या ड्रममध्ये मी कधीच गांडुळे सोडली नव्हती, तरी त्यात शेकडो करड्या-तपकिरी, चपट्या अळ्या झाल्या आहेत. ही गांडुळांची पिल्ले आहेत का?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : नाहीत. गांडुळाचे पिल्लू पांढुरक्या दोऱ्यासारखे असते आणि ते लिंबाच्या बीसारख्या दिसणाऱ्या, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या कोशातून बाहेर पडते. आपण वर्णन केलेल्या चपट्या, चामड्यासारख्या कातडीच्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या आहेत. ही माशी घरातल्या अन्नावर बसत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा गांडुळांपेक्षा कितीतरी वेगाने फस्त करतात. त्यांना मारू नये. किळस वाटत असल्यास सुका पाला किंवा लाकडाचा भुसा वाढवावा आणि कचरा नेहमी सुक्या थराखाली झाकावा, म्हणजे त्यांची संख्या आपोआप घटते. त्या असताना ड्रममध्ये गांडुळे टाकण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, कारण अळ्यांच्या हालचालीने माल गरम राहतो. त्यांनी उरवलेला माल निवल्यावर गांडुळांना दिला तर चालतो.

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची आंबा आणि सुपारीची बाग आहे. जांभ्याची जमीन आहे. पावसात अंगणात काडू (गांडुळे) पुष्कळ दिसतात, पण बागेत आळी खणली तर क्वचितच एखादे. शेणखत दरवर्षी घालतो. मग ती का नाहीत?
— एक बागायतदार, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपण शेणखत घालता हे पत्रात लिहिले आहे, परंतु पाल्याचे काय करता हे लिहिलेले नाही. कोकणात माघ-फाल्गुनात बागा झाडून पाला पेटवण्याची पद्धत अजून आहे. कुठे भाताच्या राबासाठी, कुठे केवळ बाग स्वच्छ दिसावी म्हणून. वर्षातून एकदा आळ्यात पडलेले शेणखत हे सणाचे जेवण झाले. वर्षभराची भाकरी म्हणजे आंब्याचा पाला, आणि तीच जळून जाते. शिवाय पाल्याचे पांघरूण गेल्यावर जांभ्याची जमीन उन्हात इतकी तापते आणि पाऊस ओसरल्यावर इतक्या लवकर कोरडी पडते की वरच्या वीतभर मातीत गांडुळांना सात-आठ महिने थाराच मिळत नाही. अंगणात ओल असते, सांडपाणी असते, केळी-अळूचा पाला असतो, म्हणून ती तेथे दिसतात.

दुसरे कारण आम्लतेचे. जोरदार पावसाने जांभ्याच्या मातीतला चुना धुपून जातो आणि माती आंबट होते, आणि आंबट मातीत गांडुळे कमी होतात. त्यात अमोनियम सल्फेटसारखे खत वर्षानुवर्षे दिले तर आम्लता आणखी वाढते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून चालू असलेल्या गवताच्या प्रयोगात, अमोनियम सल्फेट दिलेल्या पण चुना न दिलेल्या तुकड्यांत गांडुळे जवळजवळ नाहीशी झाली, आणि न कुजलेल्या गवताची जाड सतरंजीच जमिनीवर साठून राहिली. आपण माती तपासून घ्यावी आणि सामू (पीएच) साडेपाचाच्या खाली असेल तर कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याने चुना द्यावा.

तिसरे कारण सुपारीशी निगडित आहे. कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, पावसाआधी आणि मध्ये पुन्हा फवारले जाते. मोरचुदातले तांबे मातीत आले की तेथेच राहते, वाहून जात नाही, आणि गांडुळांना ते घातक आहे. फवारणी बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण कोळेरोगाने पीक गेले तर गांडुळांचा विचार करायला बागायतदार उरणार नाही. परंतु उरलेले मिश्रण आळ्यात ओतणे, पंप आळ्यातच धुणे आणि शिफारशीपेक्षा दाट मिश्रण वापरणे हे तरी थांबवता येईल. बांधावर गिरिपुष्प असेल तर त्याचा कोवळा पाला छाटून आंब्याच्या सुक्या पाल्याच्या थरावर टाकावा. आंब्याचे पान चिवट असते आणि एकटे लवकर कुजत नाही, ओल्या पाल्याच्या संगतीने ते मऊ पडते. हे दोन्ही थर ऑक्टोबरात, जमिनीत ओल असतानाच अंथरायचे आहेत. मार्चमध्ये अंथरलेले आच्छादन कोरड्या जमिनीला कोरडीच ठेवते.

प्रश्न : कुंड्यांखाली एक लांब, पिवळट, पाठीवर काळ्या रेघा असलेला किडा सापडला. डोके पंख्यासारखे पसरट आहे. हे गांडूळ आहे का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : हे गांडूळ नसून गांडूळ खाणारा चपटा कृमी आहे. डोक्याच्या आकारामुळे त्याला हातोडीडोक्या म्हणता येईल. त्याच्या अंगावर कडी नसतात आणि तो चालताना चिकट माग सोडतो. तो गांडुळाला विळखा घालतो आणि पोटाकडच्या बाजूने नळी बाहेर काढून त्याला तेथेच पचवत शोषून घेतो. रोपवाटिकेतल्या कुंड्यांच्या मातीतून तो एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. त्याला फावड्याने कापू नये, कारण त्याचे तुकडे नवे कृमी होतात. उघड्या हातानेही धरू नये, या गटातल्या दोन जातींत पफर माशातले विष असल्याचे २०१४ मध्ये आढळले आहे. काडीने उचलून मिठाच्या डबीत टाकावे.

प्रश्न : गांडूळ कापले की दोन गांडुळे होतात, असे विद्यार्थी सांगतात. खरे आहे का?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : नाही. डोक्याकडचा भाग पुरेसा मोठा असेल तर काही जातींत तो जगतो आणि शेपटीकडचा थोडा भाग पुन्हा वाढवतो. शेपटीकडचा तुकडा काही वेळ वळवळतो आणि मरतो. वरच्या पत्रातला हातोडीडोक्या मात्र खरोखरच तसा आहे, कदाचित दोघांची गफलत होत असावी.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो. घरामागे मेपलची झाडे आहेत आणि एका कोपऱ्यात भाजीचे वाफे आहेत. एका मित्राने त्याच्या बागेतली गांडुळे देऊ केली आहेत. ती विलक्षण चपळ आहेत. घ्यावीत का?
— एक वाचिका, मॅडिसन

उत्तर : मुळीच घेऊ नयेत, आणि वर कऱ्हाडच्या वाचकांना दिलेला गूळ-शेणाचा सल्लाही आपल्यासाठी नाही. हिमयुग संपून त्या प्रदेशावरचे बर्फ हटले तेव्हा तेथे स्थानिक गांडुळे उरली नव्हती. तेथील मेपलची जंगले गांडुळांशिवायच, पानांच्या जाड, सावकाश कुजणाऱ्या थरावर वाढली आहेत. तो थर संपला की जंगलातली फुलझाडे आणि कोवळी रोपे जगत नाहीत.

मित्राकडची चपळ गांडुळे बहुधा पूर्व आशियातून आलेली, तेथे उडी मारणारी गांडुळे म्हणून ओळखली जाणारी जात असावी. ती मॅडिसनच्याच विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्षोद्यानात, २०१३ साली आढळली. ओळखण्याची खूण गळ्याजवळच्या पट्ट्यात आहे. नेहमीच्या गांडुळाचा पट्टा फुगीर आणि खोगिरासारखा, पोटाकडे तुटलेला असतो. या गांडुळाचा पट्टा दुधी, सपाट आणि अंगाला सर्व बाजूंनी वेढणारा असतो. त्यांच्या वावरातली माती कॉफीच्या चोथ्यासारखी भरभरीत होते. मोठी गांडुळे थंडीत मरतात, पण मातीच्या कणाएवढे कोश तग धरतात, त्यामुळे मित्राकडून रोप आणायचे झाले तरी मुळे स्वच्छ धुवून, माती तेथेच टाकून आणावे.

स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठी गांडुळे हवी असतील तर तळघरात झाकणाचा डबा ठेवून त्यात आयसेनिया पाळावीत. तिकडच्या दुकानांत ‘इंडियन ब्लू’ नावाने पेरिऑनिक्स ही आपल्या उकिरड्यांवरची जातही मिळते, पण तिला थंडी सोसत नाही, आणि डब्यातून निसटून भिंतींवर फिरण्याची तिला खोड आहे. त्यातली आयसेनिया बाहेर पसरू नयेत म्हणून तयार खत वाफ्यात घालण्यापूर्वी आठवडाभर बाहेरच्या बर्फात किंवा फ्रीझरमध्ये गोठवावे. उडी मारणारी गांडुळे आपल्या वाफ्यात आधीच असल्याचे दिसले, तर ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हात मारावीत. उन्हाळ्यात वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून मातीचे तापमान सलग तीन दिवस चाळीस अंशांच्या वर ठेवता आले, तर कोशही मरतात.